चावी खिशात, दिवे चालूच

रात्री साडेअकराला वॉचमनने इंटरकॉमवर सांगितलं, "खालच्या काकांच्या गाडीचे लाइट चालू राहिलेत." मी उतरलो तोवर काका तिथेच होते. बटण फिरवून झालं, चावी लावून-काढून झाली, दारं आपटून झाली, तरी हेडलाइट समोरच्या भिंतीवर ढणढणत होते. एकाने अमावास्येला लिंबू-मिरची बदलायची राहिल्याचं निदान केलं. दुसरा म्हणाला, "कंप्युटर हँग झालाय." गाडी 15 वर्षं जुनी; तिच्या दिव्यांच्या वाटेत कंप्युटर नव्हताच. मी बॉनेट उघडून फ्यूज बॉक्समधल्या एका काळ्या ठोकळ्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं. दिवे विझले. लिंबू-पक्षाने मला थेट मांत्रिकाचा दर्जा दिला.

तो ठोकळा म्हणजे रिले. आत तारेची गुंडाळी, म्हणजे शाळेतला विद्युतचुंबक. स्टिअरिंगजवळचं बटण या गुंडाळीला जेमतेम पाव अँपिअरहून कमी प्रवाह देतं. गुंडाळी लोखंडी पट्टी ओढते आणि पट्टीच्या टोकाची चांदीची टिकली समोरच्या टिकलीला चिकटून दिव्यांचा खरा प्रवाह सोडते. 55 वॉटचे दोन दिवे म्हणजे साधारण 9 अँपिअर. बटण बंद केलं की चुंबक मरतो आणि स्प्रिंग टिकल्या सोडवते. सोडवायला हव्यात. काकांच्या सुटल्या नाहीत आणि या रिलेला वीज थेट बॅटरीकडून येते, म्हणून चावी खिशात असूनही उपयोग शून्य.

टिकल्या चिकटतात कशा, ही माझी आवडती गोष्ट. बल्बमधली टंगस्टनची तार तापल्यावर सुमारे 2.6 ओहम रोध दाखवते, थंड असताना त्याच्या बारा-पंधरा पट कमी. त्यामुळे दिवा लागण्याच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत प्रवाहाचा लोंढा येतो, नेहमीच्या कित्येक पट. नेमक्या त्याच क्षणी टिकल्या चेंडूसारख्या टप्पे खात असतात: टेकल्या, उडाल्या, टेकल्या. दर उडीला बारीकशी ठिणगी.

शिवाय टिकली गुळगुळीत दिसते, पण नसते. सह्याद्रीचा मातीचा उठावाचा नकाशा उलटा करून दुसऱ्या नकाशावर ठेवला तर शिखरंच शिखरांना टेकतील. इथेही तेच. सगळा प्रवाह दोन-चार शिखरांतून घुसतो आणि ती तापतात. किती तापतात? पुढे सूत्र आहे, नको असेल तर एक परिच्छेद सोडा. मला मात्र ते सोडवत नाही.

धातूत वीज आणि उष्णता दोन्ही वाहून नेणारे इलेक्ट्रॉन तेच, हे नातं वीडेमन आणि फ्रान्झ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांनी 1853 मध्ये मोजून दाखवलं. त्यातून गंमत अशी निघते की शिखराचं तापमान त्याच्या आकारावर ठरतच नाही, फक्त टिकल्यांमधल्या व्होल्टेजवर ठरतं. केल्विनमधल्या तापमानाचा वर्ग, वजा भोवतालच्या धातूच्या तापमानाचा वर्ग, बरोबर व्होल्टेजचा वर्ग भागिले (चार गुणिले 2.44 × 10⁻⁸, हा त्या नात्याचा स्थिरांक). व्होल्टेज 0.37 घाला. उत्तर येतं 1220 केल्विन, म्हणजे 947 अंश सेल्सिअस. चांदी वितळते 961 ला! बारा व्होल्टच्या गाडीत अर्ध्या व्होल्टपेक्षाही कमी फरकाने चांदीचं पाणी होतं. गार झालं की तोच टाका, सोनाराने घातल्यासारखा. स्प्रिंगच्या ताकदीपेक्षा टाका पक्का निघाला की दिवे चालूच. माझ्या टकटकीने तो तुटला, इतकंच.

काकांनी मध्यंतरी 'जादा उजेडा'चे 100/90 वॉटचे (अप्परला 100, डिपरला 90) बल्ब बसवले होते. लोंढा त्या मानाने वाढला. "एलईडी लावा, प्रश्न मिटला" हेही अर्धंच खरं: एलईडीला एरवी प्रवाह कमी लागतो, पण त्याच्या सर्किटमधले कपॅसिटर पहिल्या क्षणी मोठा घोट घेऊ शकतात.

रिले उपसून काढल्यावर दिवे विझले तर दोषी तोच. तरीही चालू राहिले तर कुठेतरी वायर शॉर्ट आहे. तिथे टकटक चालत नाही. विझत नसतील तर बॅटरीची वायर काढून ठेवा, कारण 35 अँपिअर-तासांची बॅटरी चार तासांच्या आत उतरते. ब्रेकचे लाल दिवे विझत नसतील तर बॉनेट सोडा, पायाखाली पाहा. पेडलच्या दांड्यावर एक रबरी किंवा प्लॅस्टिकची गुंडी असते. पाय काढल्यावर ती ब्रेकच्या स्विचचं बोंड दाबून धरते आणि दिवा बंद ठेवते. गुंडी झिजून तुटली की बोंड भोकातून बाहेर येतं. चुरा बहुतेक मॅटवरच सापडतो. आणि एप्रिल 2017 नंतरच्या दुचाकीचा पुढचा दिवा इंजिन चालू असताना विझतच नाही, तो नियमच आहे. त्यासाठी मेकॅनिककडे जाऊ नका.

एकदा टाका पडलेल्या टिकल्या खडबडीत होतात, पुन्हा चिकटतात, म्हणून रिले बदलावाच लागतो. नवा मिळेपर्यंत आम्ही हॉर्नचा, तसाच असलेला रिले दिव्यांना लावला. काका दोन दिवस हॉर्नविना लक्ष्मी रोडवरून गाडी चालवत होते. म्हणाले, फारसा फरक पडला नाही. जुना मी ब्लेडने उघडला. एका टिकलीवर काळा खड्डा होता आणि दुसरीवर बरोबर त्या खड्ड्याच्या मापाचा चांदीचा उंचवटा.