ॲडम गुड्स

गुड्स, ॲडम : (जन्म ८ जानेवारी १९८०). ऑस्ट्रेलियन रुल्स फुटबॉल या खेळातील माजी व्यावसायिक खेळाडू. १९९९ ते २०१५ या सतरा हंगामांत ते सिडनी स्वान्स या एकाच क्लबकडून ३७२ सामने खेळले आणि त्यांनी ४६४ गोल केले. दोन विजेतेपदे आणि दोन ब्राउनलो पदके नावावर असलेल्या या खेळाडूची कारकीर्द मैदानावरील कर्तबगारीसाठी जितकी ओळखली जाते, तितकीच ती प्रेक्षकांच्या हुर्योमुळे ज्या तऱ्हेने संपली त्यासाठीही ओळखली जाते.

गुड्स यांचा जन्म दक्षिण ऑस्ट्रेलियातील वॉलारू या बंदराच्या गावी झाला. त्यांची आई अद्न्यामथान्हा आणि नारंगा या मूलनिवासी समाजांतील. सरकारी धोरणानुसार ज्या मूलनिवासी मुलांना घरच्यांपासून तोडून नेण्यात आले, त्या ‘चोरलेल्या पिढ्यां’पैकी त्या एक होत. पुढे हे कुटुंब व्हिक्टोरिया राज्यातील हॉर्शम या गावी आले आणि तेथे गुड्स यांचे फुटबॉल खऱ्या अर्थाने सुरू झाले. कुमारवयीन खेळाडूंच्या स्पर्धेत ते नॉर्थ बॅलारॅट रेबल्स संघाकडून खेळले. या खेळात नवोदित खेळाडूला आपला क्लब निवडता येत नाही. क्लबच ठरलेल्या क्रमाने खेळाडू उचलतात. या निवडीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. १९९७ च्या ड्राफ्टमध्ये सिडनीने गुड्स यांना ४३ व्या क्रमांकावर घेतले. त्यांच्या आधी बेचाळीस जणांना पसंती मिळाली होती, ही गोष्ट पुढच्या दोन दशकांत निवडकर्त्यांना नक्कीच बोचली असेल. पहिले वर्ष राखीव संघात काढल्यावर १९९९ मध्ये ते मुख्य संघात आले आणि त्याच वर्षी सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार त्यांना मिळाला.

त्यांचे वेगळेपण समजण्यासाठी खेळाची थोडी ओळख हवी. लंबवर्तुळाकार मैदानावर प्रत्येकी अठरा खेळाडूंचे दोन संघ लांबट चेंडूने खेळतात. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आणि सिडनी क्रिकेट ग्राउंड ही मराठी वाचकाला क्रिकेटमुळे परिचित असलेली मैदाने हिवाळ्यात याच खेळाची होतात. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथाडला की गोल, म्हणजे सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर ‘बिहाइंड’, म्हणजे एक गुण. चेंडू हाताने फेकता येत नाही, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसावा लागतो. पंचाने वर उडवलेल्या चेंडूसाठी उडी घेणारा उंच खेळाडू, म्हणजे ‘रक’, चेंडूमागे मैदानभर धावणारे मधल्या फळीतले खेळाडू आणि गोल करणारे आघाडीचे खेळाडू ही कामे सहसा वेगवेगळ्या शरीरयष्टीची माणसे करतात. १९१ सेंटिमीटर उंचीचे गुड्स ही तिन्ही कामे करू शकत. रकच्या मानाने ते बुटकेच, पण चेंडू खाली पडल्यावर रक मागे राहतो, तिथे गुड्स धावू लागत.

ब्राउनलो पदक हा या खेळातील सर्वोच्च वैयक्तिक मान. प्रत्येक साखळी सामन्यानंतर पंच तीन खेळाडूंना अनुक्रमे तीन, दोन आणि एक मत देतात आणि गैरवर्तनाबद्दल निलंबित झालेला खेळाडू पदकास अपात्र ठरतो. २००३ मध्ये गुड्स यांनी हे पदक नेथन बकली आणि मार्क रिचुटो यांच्यासह विभागून मिळवले, तर २००६ मध्ये ते एकट्याने जिंकले.

दरम्यान ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग या खेळाच्या मुख्य स्पर्धेच्या २००५ मधील अंतिम सामन्यात सिडनीने वेस्ट कोस्ट ईगल्सवर ५८–५४ असा विजय मिळवला. हा क्लब १९८२ मध्ये साउथ मेलबर्नहून सिडनीला हलवण्यात आला होता आणि त्याचे आधीचे विजेतेपद १९३३ सालचे होते. २००९ ते २०१२ या काळात गुड्स संघाचे सहकर्णधार होते. २०१२ च्या अंतिम सामन्यात त्यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, तरीही ते मैदानावर राहिले आणि शेवटच्या पर्वात त्यांनी एक मोलाचा गोल केला. हॉथॉर्नने या सामन्यात ११ गोल व १५ बिहाइंड केले, सिडनीने १४ गोल व ७ बिहाइंड. खांबांमधून चेंडू जास्त वेळा पाठवूनही हॉथॉर्न ८१–९१ असे हरले.

२४ मे २०१३ रोजी मेलबर्न येथे कॉलिंगवूडविरुद्धच्या सामन्यात कुंपणालगतच्या एका तेरा वर्षांच्या मुलीने त्यांना ‘एप’ (वानर) म्हटले. गुड्स थांबले आणि त्यांनी सुरक्षारक्षकांना तिच्याकडे बोट दाखवले. मूलनिवासी खेळाडूंच्या सन्मानार्थ ठेवलेल्या फेरीचाच तो सामना होता. मुलीला दोष देऊ नका, तिला आधाराची गरज आहे, असे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. हे वाक्य मात्र त्यांचे टीकाकार सोयीस्करपणे विसरत आले. २०१४ साली त्यांना ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा राष्ट्रीय सन्मान मिळाला आणि वंशभेदाविषयी ते अधिक स्पष्ट बोलू लागले. त्याच सुमारास चेंडू त्यांच्याकडे जाताच परक्या मैदानांवर हुर्यो सुरू झाली. मे २०१५ मध्ये कार्लटनविरुद्ध गोल केल्यावर त्यांनी मूलनिवासी युद्धनृत्याच्या काही पावलांसह काल्पनिक भाला प्रेक्षकांच्या दिशेने फेकला, तेव्हा वाद आणखी पेटला. हुर्यो खेळाडूच्या वागण्याला आहे, रंगाला नाही, असा बचाव अनेक समालोचक करत राहिले. तो पटणारा नाही, कारण त्याहून कितीतरी उर्मट खेळाडूंच्या वाट्याला असे काही आले नव्हते.

जुलैअखेर पर्थच्या सामन्यानंतर गुड्स यांनी रजा घेतली. पुढच्या आठवड्यात ते नसताना सिडनीच्या मैदानावर तिसऱ्या पर्वाच्या सातव्या मिनिटाला प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला; ३७ हा त्यांच्या जर्सीचा क्रमांक. (याच मैदानावर जानेवारी २०२१ मध्ये कर्णधार अजिंक्य रहाणे यांनी मोहम्मद सिराजला होणाऱ्या शिवीगाळीची तक्रार पंचांकडे केली, खेळ थांबला आणि काही प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले.) गुड्स ऑगस्टमध्ये परतले, सप्टेंबरात नॉर्थ मेलबर्नविरुद्धच्या बाद फेरीतील पराभवानंतर निवृत्त झाले आणि अंतिम सामन्याच्या दिवशी निवृत्त खेळाडूंची जी मिरवणूक निघते, तीत सहभागी झाले नाहीत.

निवृत्तीनंतर त्यांनी मायकल ओलॉग्लिन या जुन्या सहकाऱ्यासह २००९ मध्ये स्थापन केलेल्या ‘गो फाउंडेशन’मार्फत मूलनिवासी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देण्याचे काम पुढे नेले. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने आणि तिच्या अठराही क्लबांनी, त्या काळात आपण पुरेसे उभे राहिलो नाही, अशी कबुली देत त्यांची बिनशर्त माफी मागितली. २०२१ मध्ये खेळाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये समावेशाचा प्रस्ताव त्यांच्यापुढे आला, तो त्यांनी नाकारला.