वांशिक प्रतिनिधित्व, संगणक-उद्योगातील

आज्ञावलीकार (प्रोग्रॅमर) आणि स्टार्टअपचे संस्थापक यांच्यात वांशिक अल्पसंख्य गटांचा वाटा किती, या प्रश्नाचा अभ्यास प्रामुख्याने अमेरिकेत झाला आहे. तेथे कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांशी मूळ जोडलेले) व मूळ अमेरिकी हे गट अपुरे प्रतिनिधित्व असलेले मानले जातात. आशियाई वंशाचे लोक देशात अल्पसंख्य असले, तरी त्यांना सहसा या यादीत धरत नाहीत.

शंभर वा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांना समान रोजगार संधी आयोग या अमेरिकी सरकारी संस्थेकडे वंश, लिंग व पदश्रेणी यांनुसार तक्ता सादर करावा लागतो. याचा कायदेशीर पाया म्हणजे १९६४ चा नागरी हक्क कायदा. तक्त्यातील ‘व्यावसायिक’ या श्रेणीत अभियंत्यांबरोबर वकील आणि लेखापालही येत असल्याने त्यावरून आज्ञावलीकारांचा वेगळा आकडा काढता येत नाही. काही कंपन्यांनी हे तक्ते व्यापारी गुपित ठरवून दीर्घकाळ उघड केले नाहीत. मे २०१४ मध्ये गूगलने स्वतःची आकडेवारी प्रसिद्ध केली, तीनुसार तांत्रिक पदांवर श्वेतवर्णीय ६०, आशियाई ३४, हिस्पॅनिक २ आणि कृष्णवर्णीय १ टक्का होते. इतर मोठ्या कंपन्यांनीही लवकरच तसे केले. मात्र ‘तांत्रिक पद’ कशाला म्हणायचे हे जिने तिने ठरवल्यामुळे या आकड्यांची परस्पर तुलना जपूनच करावी.

‘आशियाई’ हा एकच रकाना बरेच काही झाकतो. १९६५ चा स्थलांतर कायदा व १९९० पासूनचा एच-१बी (कुशल परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा) व्हिसा यांमुळे आलेला वर्ग आधीच उच्चशिक्षित होता. संशोधिका ॲनाली सॅक्सेनियन यांच्या १९९९ च्या अभ्यासानुसार, १९८० नंतर सिलिकॉन व्हॅलीत निघालेल्या तंत्रज्ञान कंपन्यांपैकी सुमारे चतुर्थांश कंपन्यांची सूत्रे चिनी वा भारतीय अभियंत्यांकडे होती. तरीही २०१५ मध्ये पाच कंपन्यांच्या पाहणीत आशियाईंचे प्रमाण व्यावसायिकांत सुमारे २७, तर वरिष्ठ अधिकाऱ्यांत १४ टक्केच आढळले. भारतीयांमधील जातीची नोंदही या तक्त्यांत नाहीच. मात्र अमेरिकेतील सिॲटल शहराने २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्याने मनाई केली.

काही गटांच्या अपुऱ्या प्रतिनिधित्वाच्या कारणांबाबत दोन मते आहेत. एका मताप्रमाणे प्रशिक्षित उमेदवारच कमी तयार होतात. दुसरे मत भरतीच्या पद्धतीकडे बोट दाखवते, आणि ते अधिक सयुक्तिक वाटते. नामांकित विद्यापीठांतून संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत कृष्णवर्णीय व हिस्पॅनिकांचे प्रमाण बड्या कंपन्यांतील त्यांच्या प्रमाणाच्या जवळपास दुप्पट असल्याचे २०१४ मध्येच दिसून आले होते. क्लॅरेन्स एलिस (संगणकशास्त्रात पीएच.डी., १९६९) आणि जेरी लॉसन (कार्ट्रिज बदलता येणारा व्हिडिओ गेम संच, १९७६) हे आरंभीचे कृष्णवर्णीय संशोधक.

संस्थापकांच्या बाबतीत खरी अडचण भांडवलाची. २०२२ मध्ये अमेरिकेतील साहसवित्तापैकी (व्हेंचर कॅपिटल, नवउद्योगांतील जोखमीची गुंतवणूक) जेमतेम १ टक्का कृष्णवर्णीय संस्थापकांना मिळाले. फक्त कृष्णवर्णीय उद्योजक स्त्रियांना अनुदान देणाऱ्या फिअरलेस फंडवर २०२३ मध्ये खटला झाला. त्यासाठी आधार घेतला गेला तो मुक्त झालेल्या गुलामांच्या करारहक्कांसाठी केलेल्या, करारात वंशभेदाला मनाई करणाऱ्या १८६६ च्या कायद्याचा. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने हे अनुदान रोखले व सप्टेंबरमध्ये तडजोडीने ती योजना कायमची बंद झाली.