ॲडलेडला फिरायला जाताय? निवृत्त पती-पत्नींसाठी ऑस्ट्रेलियाच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज

‘ऑस्ट्रेलियात आमचं कुणीच नाही. मुलगा नाही, पुतण्या नाही. मग आम्हा दोघांना व्हिसा देतील का?’ निवृत्तीनंतर फिरायला निघालेल्या मंडळींचा हा ठरलेला प्रश्न. उत्तर आहे, देतात. निव्वळ पर्यटनासाठी निमंत्रणपत्र लागत नाही आणि तिथला कुणी जामीनही लागत नाही. उलट नातेवाईक नसले, तर ‘नातेवाइकांकडेच राहून जातील’ ही अधिकाऱ्याची एक शंका आपोआप कमी होते. मात्र ‘नोकरी नाही, मग परत कशासाठी येतील?’ ही दुसरी शंका उरते आणि अर्जाचा सगळा भर तिच्यावर द्यायचा असतो. तिच्याकडे पुढे येतोच.

कोणता व्हिसा, किती पैसे

ईटीए आणि ई-व्हिजिटर हे ऑस्ट्रेलियाचे सोपे ऑनलाइन व्हिसे भारतीय पासपोर्टवर मिळत नाहीत. आपल्यासाठी आहे तो व्हिजिटर व्हिसा, सबक्लास ६००, आणि त्यातली टूरिस्ट स्ट्रीम, म्हणजे पर्यटकांसाठीचा उपप्रकार. त्याच सबक्लासमध्ये ‘स्पॉन्सर्ड फॅमिली’ नावाचीही एक स्ट्रीम आहे. ती तिथल्या नातेवाइकाने हमी घ्यायची, प्रसंगी रोख तारण ठेवायची भानगड आहे. फिरायला जाणाऱ्यांनी तिकडे बघायचेही कारण नाही.

जुलै २०२५ पासून शुल्क माणशी २०० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, वर कार्डाचा अधिभार. दरवर्षी १ जुलैला दर बदलतात, म्हणून पैसे भरायच्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या गृह खात्याच्या संकेतस्थळावर आकडा पाहून घ्या. नवरा-बायकोचा मिळून एक अर्ज होत नाही. दोन अर्ज, दोन शुल्के. व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. अर्ज करताना आणि व्हिसा मंजूर होताना तुम्ही ऑस्ट्रेलियाबाहेर असायला हवे, पण घरून निघणाऱ्यांना त्याची काळजी नाही.

मुक्काम तीन, सहा किंवा बारा महिन्यांपर्यंतचा मिळू शकतो. दोन-तीन आठवड्यांच्या सहलीसाठी तीन महिन्यांचा पर्याय निवडा. ‘मिळतंय तर वर्षाचं मागू’ हा मोह टाळा. पंधरा दिवसांचा कार्यक्रम जोडून बारा महिने मागितले की अर्जातच विसंगती दिसते. शिवाय भारतातून सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्यांना वैद्यकीय तपासणी लागते, ते वेगळेच.

खाते स्वतःचे, ईमेल स्वतःचा

अर्ज ‘इमीअकाउंट’ या ऑनलाइन खात्यातून भरायचा. एजंटकडून भरून घ्यायला हरकत नाही, पण खाते तुमच्या ईमेलवर उघडायला लावा आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा. बरेच एजंट स्वतःचाच ईमेल टाकतात. मग गृह खात्याने जादा कागद मागितला तर ते पत्र एजंटच्या इनबॉक्समध्ये पडून राहते, मुदत निघून जाते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. अर्जात खोटे काही गेले तर जबाबदारी तुमची, ‘एजंटने भरलं’ हे कारण चालत नाही. खोटी कागदपत्रे किंवा दिशाभूल करणारी माहिती सापडली तर पुढची तीन वर्षे व्हिसा अडू शकतो.

फॉर्ममध्ये हा अर्ज गटाचा भाग आहे का, असा प्रश्न येतो. पहिल्या अर्जात ‘हो’ म्हणून गटाला नाव द्यायचे आणि दुसऱ्या अर्जात तोच गट निवडायचा. असे केले की दोन्ही अर्ज एकत्र पाहिले जातात. गृहिणी असलेल्या पत्नीच्या नावावर उत्पन्न नसेल तर हा दुवा फारच उपयोगी. पेन्शन आणि बचतीचे तेच कागद तिच्या अर्जालाही जोडा आणि खर्च पती करणार असे पत्रात स्पष्ट लिहा.

पूर्वी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला होता का, हा प्रश्न असतो. नाकारला असेल तर तसे लिहायचे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा नकारही लपवू नका. नकारापेक्षा लपवणे महागात पडते.

नावांचा गोंधळ आधी निस्तरा

आपल्याकडच्या अर्जांची गाडी अडते ती बहुधा इथे. समजा, माहेरच्या सुनंदा दत्तात्रय कुलकर्णी लग्नानंतर वैशाली अनंत जोशी झाल्या. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात जोशी आणि नावाच्या रकान्यात ‘वैशाली अनंत’ असे असते. अर्जातही अगदी तसेच भरायचे. ‘अनंत हे काही माझं नाव नाही’ म्हणून ते गाळू नका, कारण व्हिसा पासपोर्टवरच्या अक्षरांशी जोडला जातो. ‘पूर्वी दुसरे नाव होते का’ याला ‘हो’ म्हणायचे, माहेरचे पूर्ण नाव द्यायचे आणि कारण लग्न असे लिहायचे. शाळेच्या दाखल्यावर, जुन्या पॉलिसीवर किंवा माहेरच्या जमिनीच्या उताऱ्यावर सुनंदा असेल आणि अर्जात तिचा उल्लेखच नसेल, तर अधिकाऱ्याला ती तिसरीच बाई वाटते.

पुरुषांच्या बाबतीत घोळ वेगळा. पेन्शनच्या आदेशावर (पीपीओ) ‘ए. डी. जोशी’, बँकेत ‘अनंत डी. जोशी’, सातबाऱ्यावर ‘अनंता दत्तात्रय’. आद्याक्षरांचा फरक चालून जातो. नावच वेगळे दिसत असेल तर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र करून जोडा.

विवाह नोंदणीचा दाखला नसलेली जोडपी या पिढीत पुष्कळ. दोघांच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जोडीदाराचे नाव असेल तर ते पानही स्कॅन करून जोडा. तेही नसेल तर १९९८ च्या महाराष्ट्राच्या विवाह नोंदणी कायद्याखाली जुन्या लग्नाचीही उशिरा नोंदणी करता येते. त्याला लागणारा वेळ धरून चाला.

कागदपत्रे

पासपोर्टचे फोटोचे पान, रंगीत फोटो, आधी परदेशी गेला असाल तर जुन्या पासपोर्टवरचे व्हिसा-शिक्के. एवढे प्रत्येकाचे. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी असावी. कमी असेल तर आधी नवा काढा आणि मग अर्ज करा. उलटे केले तर नंबर बदलतो आणि इमीअकाउंटमध्ये कळवत बसावे लागते.

मग पैशाचे कागद. खात्यात अमुक रक्कम हवीच, असा ठरलेला आकडा नाही. तुमचा कार्यक्रम आणि तुमची ऐपत यांचा मेळ बसला पाहिजे. पेन्शन जमा होते त्या खात्याचे सहा महिन्यांचे, बँकेच्या शिक्क्याचे स्टेटमेंट घ्या. पुसट छपाईच्या पासबुकाचा मोबाइलवर काढलेला फोटो नको. सोबत पीपीओ, प्राप्तिकर विवरणपत्रे, मुदत ठेवींच्या पावत्या, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे कागद. अर्जाच्या आधी खात्यात एकदम पाच लाख आले असतील तर ते कुठून आले हेही दाखवा. ठेव मोडली असेल तर मोडल्याची पावती, मुलाने दिले असतील तर त्याचे पत्र आणि त्याचे स्टेटमेंट. कुणाकडून तरी आठवडाभरासाठी पैसे आणून खाते फुगवायची युक्ती अधिकाऱ्यांनी हजारदा पाहिलेली आहे.

मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर लागते, आणि सातबारा, घरपट्टी किंवा ग्रामपंचायतीचा दाखला दिला तर मूळ कागदही जोडायचा. भारतात केलेल्या भाषांतरावर भाषांतरकाराचे पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि त्या भाषेतील पात्रता व अनुभव लिहिलेला असावा. सगळे कागद रंगीत स्कॅन करा, प्रत्येक फाइल ५ एमबीच्या आत ठेवा आणि फाइलला ओळखता येईल असे नाव द्या.

खरा प्रश्न: परत का येणार?

नोकरदार माणूस कंपनीचे रजेचे पत्र जोडतो आणि मोकळा होतो. निवृत्त माणसाला रजा कोण देणार? त्यामुळे तुम्ही खरेच पाहुणे म्हणून येताय आणि वेळेत परत जाल, हे अधिकाऱ्याला दुसऱ्या कशावरून तरी पटवावे लागते. ज्या गोष्टी आपल्याला इतक्या रोजच्या वाटतात की कागदावर मांडायचे सुचत नाही, त्याच इथे कामी येतात. दरमहा इथल्या बँकेत जमा होणारी पेन्शन, स्वतःच्या फ्लॅटचे सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, गावची शेती, इथेच राहणारी मुले-नातवंडे, घरातली नव्वदीची आई, सोसायटीतले किंवा संस्थेतले पद. नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखलासुद्धा परत येण्याचे छोटेसे कारणच. पूर्वी परदेशी जाऊन वेळेत परतला असाल तर त्यासारखा पुरावा नाही.

हे सगळे एका पानाच्या पत्रात मांडा. आम्ही कोण, कुठून निवृत्त झालो, कधी ते कधी जाणार, काय पाहणार, खर्च कोण करणार, परतल्यावर काय वाट पाहते. ‘आपल्या महान देशाला भेट देण्याचे आमचे आयुष्यभराचे स्वप्न’ छापाची वाक्ये गाळा, त्यांनी काही सिद्ध होत नाही.

कार्यक्रमाचा तक्ता मात्र खराखुरा हवा. ट्रॅव्हल कंपनीच्या पत्रकातून उचललेला ‘सिडनी-मेलबर्न-गोल्ड कोस्ट’ सगळेच जोडतात. ॲडलेडसारखे शहर निवडले असेल तर का निवडले, हे दोन ओळींत सांगता आले पाहिजे. क्रिकेटवेड्या घराला ते सोपे आहे. २००३ च्या डिसेंबरात ॲडलेड ओव्हलवर आपल्या अजित आगरकरने ४१ धावांत ६ बळी घेतले, द्रविडने २३३ आणि नाबाद ७२ केल्या आणि भारताने कसोटी जिंकली. ते मैदान आतून पाहायला मार्गदर्शित फेरी असते. बाकीचा आराखडा असा होऊ शकतो: एक दिवस सेंट्रल मार्केट आणि बोटॅनिक गार्डन, एक दिवस ट्रामने ग्लेनेल्गच्या समुद्रावर (शहराच्या मध्यभागात ट्राम फुकट, पुढे तिकीट), एक दिवस टेकड्यांमधले हानडॉर्फ हे जर्मन वसाहतकारांचे जुने गाव आणि क्लीलँड पार्कमधले कोआला, दोन-तीन दिवस कांगारू आयलंड. तिथे जायला केप जर्विसहून फेरीबोट आहे, पाऊण तासाची. कर्नल लाइट यांनी आखलेले हे शहर सपाट आणि भोवती उद्यानांचा पट्टा असलेले आहे, त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही झेपते. फेब्रुवारी-मार्चमध्ये फ्रिंज या कला महोत्सवामुळे हॉटेले महागतात आणि जानेवारीत पारा चाळिशी गाठू शकतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर किंवा एप्रिल बरा.

तिकिटे आणि हॉटेले आरक्षित करा, पण परतावा मिळेल अशीच. व्हिसा हातात येईपर्यंत पक्की तिकिटे काढू नका, असे गृह खातेच सांगते.

आरोग्य आणि बोटांचे ठसे

वय ७५ किंवा जास्त असेल तर वैद्यकीय तपासणी करावी लागते. ती गृह खात्याने नेमलेल्या डॉक्टरकडेच. आपल्या फॅमिली डॉक्टरच्या दाखल्याचा इथे उपयोग नाही. इमीअकाउंटमध्ये तपासणीसाठी एक क्रमांक मिळतो, तो घेऊन वेळ ठरवायची. अहवाल डॉक्टर थेट पाठवतात. पंचाहत्तरीच्या आतल्यांना छोट्या सहलीसाठी एरवी तपासणी लागत नाही, पण अर्जातल्या आरोग्याच्या प्रश्नांना सरळ उत्तरे द्या.

प्रवास विमा काढाच. ऑस्ट्रेलियाच्या मेडिकेअरचा भारताशी करार नाही, म्हणजे तिथे दवाखान्याचे बिल पूर्ण आपले. पॉलिसी घेताना बीपी, मधुमेह, अँजिओप्लास्टी सगळे सांगा आणि जुन्या आजारांना संरक्षण आहे का, ते शब्दशः वाचा. सर्वांत स्वस्त पॉलिसीत ते बहुधा नसते.

बायोमेट्रिक्सचे, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो देण्याचे, पत्र आले तर व्हीएफएस या व्हिसाचे काम पाहणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर वेळ घेऊन जा आणि मुदत पत्रात पाहा. दोघांना वेगवेगळी पत्रे येतात, दोन्हींच्या प्रिंट आणि पासपोर्ट न्या. मेंदी किंवा बोटाला कापल्याची जखम असेल तर ठसे नीट उमटत नाहीत. भाजी चिरताना जरा जपून.

मंजुरी आली की

पासपोर्टवर स्टिकर लागत नाही. ईमेलने मंजुरीपत्र येते आणि व्हिसा पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेला असतो. पत्रात तीन गोष्टी पाहा: नाव व पासपोर्ट क्रमांक बरोबर आहे ना, एकदाच प्रवेश आहे की अनेकदा, आणि अटी कोणत्या. ८१०१ म्हणजे काम करायचे नाही. ८५०३ असेल तर तिथे असताना मुक्काम वाढवून घेता येत नाही, अपवाद फार थोडे. नकार आला तर कारणे लिहून देतात. ती वाचून, नेमकी तीच कमतरता भरून नव्याने अर्ज करा. तेच कागद पुन्हा पाठवणे म्हणजे आणखी २०० डॉलर पाण्यात.

सामान भरताना शेवटचा एक कागद विसरू नका: विमानात भरायचे प्रवेशकार्ड. खाण्याचे काहीही नेत असाल तर त्यावर ‘हो’ लिहायचे. पेढे, बर्फी, गुलाबजाम असे दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत. मसाले, लोणचे, पापड दाखवायचे, तपासून देतील किंवा काढून घेतील. जाहीर केलेल्या वस्तूबद्दल दंड नाही, लपवलेल्याबद्दल मोठा दंड आहे आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. औषधे तीन महिन्यांपुरती, मूळ पाकिटात, इंग्रजी चिठ्ठीसह. मेलबर्न किंवा सिडनीत उतरून पुढे ॲडलेडचे देशांतर्गत विमान घेणार असाल तर इमिग्रेशन आणि सामानाची तपासणी त्या पहिल्याच विमानतळावर होते, म्हणून मध्ये तीन तास तरी ठेवा. आणि तिथे घेतलेले सफरचंद किंवा केळे पिशवीत घालून ॲडलेडला नेऊ नका. फळमाशीच्या भीतीने साउथ ऑस्ट्रेलियात, म्हणजे ॲडलेडच्या राज्यात, इतर राज्यांतून ताजी फळे न्यायला बंदी आहे, विमानतळावर त्यासाठी खास डबे ठेवलेले असतात.