मणक्यातील नर्व्ह ब्लॉक

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या पाठदुखीत किंवा कंबरदुखीत मणक्याजवळच्या ठरावीक मज्जातंतूपाशी बधिर करणारे औषध, बहुधा स्टेरॉइडसह, सुईने सोडण्याची उपचारपद्धती. गोळ्या, व्यायाम आणि फिजिओथेरपी करूनही दुखणे हटत नाही आणि शस्त्रक्रियेची गरज नसते, अशा वेळी ती सुचवली जाते. इंजेक्शनने सरकलेली गादी (दोन मणक्यांमधली चकती) जागेवर बसत नाही आणि मणक्यातला ‘गॅप’ही भरून निघत नाही. बधिर करणारे औषध वेदनेचा संदेश काही तास अडवते. स्टेरॉइड मज्जातंतूच्या मुळाभोवतीचा दाह उतरवते. त्याचा गुण यायला काही दिवस लागतात.

1901 साली पॅरिसमध्ये झां सिकार आणि फेर्नां कातलँ या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे माकडहाडाच्या वरच्या छिद्रातून बधिर करणारे कोकेनचे द्रावण आत सोडले. सायटिकाच्या, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेच्या, दुखण्यावर हा मार्ग वापरणाऱ्या सिकार यांना गादीचा दोष ठाऊक असणे शक्य नव्हते. सरकलेली गादी मुळावर दाब देते, हे मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी 1934 मध्ये बोस्टनमधून मांडले. 1943 मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध तयार झाले आणि 1950च्या दशकात त्याच्या जोडीला स्टेरॉइड आले.

कळ पायात उतरत असेल तर औषध मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत सोडतात (एपिड्युरल), किंवा मूळ ज्या छिद्रातून बाहेर पडते तिथे. दुखणे कंबरेतच असेल तर संशय मणक्यांमागच्या लहान फॅसेट सांध्यांवर जातो. अशा प्रत्येक सांध्याला दोन बारीक मज्जातंतू-शाखा मिळतात. त्यामुळे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधला एक सांधा तपासायचा तर तिसऱ्या आणि चौथ्या मुळांच्या शाखा, अशा दोन्ही बधिर कराव्या लागतात.

ब्लॉकचे खरे मोल या तपासणीत आहे. एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसणारी कितीतरी माणसे कधीच कंबरदुखीची तक्रार करत नाहीत. म्हणून दुखण्याचे मूळ नक्की कुठे आहे, हे नुसत्या चित्रावरून ठरत नाही. तपासणीच्या ब्लॉकमध्ये अर्धा मिलिलिटर किंवा त्याहूनही कमी औषध देतात, म्हणजे ते शेजारी पसरत नाही. पुढचे काही तास रुग्णाने पडून न राहता नेमके दुखणारेच काम करून पाहायचे असते: वाकणे, जिना चढणे, खाली बसून उठणे. दर तासाला शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर आकडा लिहून ठेवायचा. त्या वेळात वेदनाशामक गोळी घेतली तर सगळी तपासणी वाया जाते. केवळ उपचार झाल्याच्या भावनेनेही बरे वाटू शकते, म्हणून पुष्कळ डॉक्टर ब्लॉक दुसऱ्यांदा करून खात्री करतात. दोन्ही वेळा आराम पडला तर त्या शाखा रेडिओलहरींनी सुमारे 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून निकामी करता येतात. त्या पुन्हा वाढतात, त्यामुळे हा आराम साधारणपणे काही महिने ते वर्षभर टिकतो.

रुग्णाला पोटाखाली उशी देऊन पालथे झोपवतात. जंतुनाशक लावून आधी कातडी बधिर करतात. ही पहिली टोचणीच बहुतेकांना सर्वांत झोंबते. मग सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत लांब, बारीक सुई पुढे नेतात आणि रंगद्रव्य सोडून ती रक्तवाहिनीत नाही ना, हे पाहतात. रुग्ण जागा असतो, तो असावाच. पायात वीज चमकल्यासारखी कळ आली तर ती सांगायला तोच हवा. नंतर पाय काही तास जड वाटू शकतो, म्हणून एकट्याने गाडी चालवत घरी जाऊ नये.

स्टेरॉइडमुळे मधुमेहींची साखर काही दिवस वाढते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगावे. मनाने बंद करू नयेत. संसर्ग, रक्तस्राव आणि लकवा क्वचित होतात, पण होतात. 2012 मध्ये अमेरिकेत बुरशीने दूषित झालेल्या स्टेरॉइडमुळे 750हून अधिक लोक आजारी पडले आणि 60हून अधिक दगावले.

उपयुक्ततेवर तज्ज्ञांचे एकमत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2016 मध्ये सायटिका नसलेल्या कंबरदुखीत अशी उपचारात्मक इंजेक्शने देऊ नयेत असे सांगितले. तीव्र आणि नुकत्याच सुरू झालेल्या सायटिकात मात्र एपिड्युरलचा विचार करावा, असे म्हटले. 2025 मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या शिफारशी दीर्घकालीन दुखण्यात याहून कडक आहेत. त्यामुळे तपासणी न करता वर्षानुवर्षे तीच इंजेक्शने घेत राहण्याला आधार नाही.

आपल्याकडे अनेक बायका सिझेरियनच्या वेळी पाठीत घेतलेल्या इंजेक्शनला आयुष्यभराच्या कंबरदुखीचा दोष देतात आणि त्या धास्तीने ब्लॉक नाकारतात. भुलेच्या इंजेक्शनाने कायमची कंबरदुखी जडते, असे अभ्यासांत आढळलेले नाही.

लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद झपाट्याने जाणे ही लक्षणे दिसली तर ब्लॉकची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.