फाइल जागेवरच आहे, पत्ता जुना आहे

रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला. "मामा, प्लॅनच गायब झालाय!" आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष, सकाळी सबमिशन, आणि ही प्लॉटिंगच्या, म्हणजे मोठे नकाशे छापून देणाऱ्या दुकानात रडकुंडीला आलेली. पेनड्राइव्हवरची शीट, म्हणजे छापायच्या नकाशाची फाइल, उघडत होती. चौकट होती, मापं होती, खोल्यांची नावं होती. तळमजल्याच्या प्लॅनच्या जागी मात्र बारीक अक्षरात एकच ओळ होती: डी:\थीसिस\प्लॅन\तळमजला.डीडब्ल्यूजी. दुकानदारानं निदान करून टाकलं होतं, "व्हायरस लागलाय, फाइल करप्ट आहे."

ती ओळ ऐकून माझा जीव भांड्यात पडला. शीटची फाइल बिघडली असती तर ती बहुधा उघडलीच नसती. ऑटोकॅड, म्हणजे नकाशे काढायचा तिचा प्रोग्राम, सांगत होतं की या पत्त्यावर जाऊन आलो, तिथे कुणी राहत नाही. पत्ता भाचीच्या लॅपटॉपवरचा होता, दुकानातल्या संगणकावर तो नव्हताच.

मोठं ड्रॉइंग सहसा एका फाइलमध्ये नसतं. आर्किटेक्टचा प्लॅन एका फाइलमध्ये, कॉलमचा लेआउट दुसरीत, प्लंबिंग तिसरीत, आणि शीट या सगळ्यांना जोडून घेते. या जोडणीला एक्सरेफ म्हणतात. प्लॅनच्या रेघा शीटमध्ये साठवल्या जात नाहीत, साठवला जातो फक्त त्यांचा पत्ता. त्यामुळे मूळ प्लॅनमधली भिंत सरकवली की शीट पुढच्या वेळी उघडताना तिथेही ती सरकलेली दिसते. सोय मोठी आहे, पण सगळी भिस्त त्या पत्त्यावर.

आता जरा डिस्कच्या पोटात शिरू, कारण खरी गंमत तिथे आहे. विंडोजची एनटीएफएस ही फाइलव्यवस्था 1993 सालची. तिच्यात प्रत्येक ड्राइव्हवर मास्टर फाइल टेबल नावाची एक नोंदवही असते. प्रत्येक फाइलची तिथे एक नोंद, नोंदीला क्रमांक. नोंदीत फाइलचं नाव, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरचा क्रमांक, आणि मजकूर डिस्कवरच्या कोणत्या तुकड्यांत पडला आहे त्याची यादी. हे तुकडे साधारणपणे 4 केबीचे. फोल्डर म्हणजेही अशीच एक नोंद.

याचा परिणाम पाहा. 'थीसिस' फोल्डरचं नाव बदलून 'थीसिस फायनल' केलं, तर आतल्या हजारो फाइलींना हातही लागत नाही. त्यांना आपल्या फोल्डरचा फक्त क्रमांक ठाऊक असतो, आणि तो तोच राहिला. बदलते ती फोल्डरची एक नोंद. म्हणून 20 जीबीचा फोल्डर डी ड्राइव्हच्या आतल्या आत कट-पेस्ट केला की डोळ्याची पापणी लवायच्या आत जातो, आणि तोच पेनड्राइव्हवर टाकताना चहा पिऊन होतो. पहिल्या वेळी मजकूर हललेलाच नसतो. दुसऱ्या वेळी बाइट न् बाइट नव्यानं लिहावा लागतो. घरी करून बघा. सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकासारखं आहे हे: गावकरी शेताला माळाची पट्टी म्हणोत की वडाचं शेत, गट क्रमांक तोच.

मग शीटनं हाच क्रमांक का लिहून ठेवू नये? कारण तो त्या डिस्कपुरताच खरा. पेनड्राइव्हवर गेलेल्या फाइलची नोंद वेगळ्या वहीत होते. म्हणून शीटला फाइलपर्यंतची वाट (पाथ) लिहावी लागते, आणि वाट दोन प्रकारे लिहिता येते. पूर्ण वाट ड्राइव्हच्या अक्षरापासून सुरू होते, भाचीच्या त्या ओळीसारखी. सापेक्ष वाट शीट जिथे आहे तिथून सुरू होते: ..\प्लॅन\तळमजला.डीडब्ल्यूजी. सुरुवातीचे दोन टिंब म्हणजे एक पायरी वर. शीट 'थीसिस' मधल्या 'शीट' फोल्डरमध्ये आहे. तिथून वर 'थीसिस' मध्ये या, मग 'प्लॅन' मध्ये उतरा. आता अख्खा 'थीसिस' फोल्डर कुठेही न्या, वाट खरीच राहते, कारण दोन फाइलींमधलं अंतर बदललेलं नाही. अट एवढीच की दोन्ही एकाच ड्राइव्हवर हव्यात. कितीही टिंबं दिली तरी डी मधून ई मध्ये जाता येत नाही.

ऑटोकॅडच्या 2018च्या आवृत्तीपासून नवा एक्सरेफ आपोआप सापेक्ष वाटेनं जोडला जातो. त्याआधी पूर्ण वाट लिहिली जाई, आणि भाचीच्या लॅपटॉपवर तीच जुनी सेटिंग होती. लिहिलेल्या पत्त्यावर फाइल नसली तर ऑटोकॅड शीटच्या स्वतःच्या फोल्डरमध्येही शोधतं. प्लॅन शीटच्या शेजारीच ठेवला असता, तर पत्ता चुकीचा असूनही तो सापडला असता.

खंडेनवमीला ऑफिसातल्या संगणकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहतात, ते मला मनापासून आवडतं. हत्याराबद्दलची ती कृतज्ञता आहे. पण फाइल हरवली की 'नजर लागली' म्हणून मॉनिटरवर लिंबू-मिरची टांगणं सोडून द्यायला हवं. 'क्लाउडवर आहे, आता चिंता नाही' हाही तसाच भाबडेपणा. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा फोल्डर सहसा सी ड्राइव्हवर वापरकर्त्याच्या नावाखाली असतो, म्हणजे दोन सहकाऱ्यांच्या पूर्ण वाटा कधी जुळायच्याच नाहीत. शिवाय इथे पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते.

ऑटोसेव्हबद्दलचा गैरसमज तर घरोघरी. ऑटोकॅड मूळ सेटिंगप्रमाणे दर 10 मिनिटांनी प्रत काढतं, पण ती तुमच्या फाइलवर लिहीत नाही. विंडोजच्या टेंप फोल्डरमध्ये ती एसव्ही-डॉलर (.sv$) अशा शेवटाची वेगळी फाइल असते. प्रोग्राम अचानक बंद पडला तर ती उरते. तुम्हीच 'सेव्ह करू नका' म्हणून नीट बंद केलंत तर पुसली जाते. फाइलशेजारी दिसणारी बॅक (.bak) फाइल निराळी, ती मागच्या सेव्हची प्रत. तिचं शेपूट बदलून डीडब्ल्यूजी केलं की उघडते. तेव्हा ऑप्शन्समधल्या फाइल्स टॅबवर जाऊन ऑटोसेव्हची जागा आजच बघून ठेवा. वेळ आल्यावर तो लपलेला फोल्डर शोधताना हात थरथरतात.

फोनवर मी भाचीला म्हटलं, "एक्सरेफ टाइप कर. तळमजल्यासमोर काय लिहिलंय?"

"नॉट फाउंड."

"राइट क्लिक, सिलेक्ट न्यू पाथ, आणि पेनड्राइव्हवरचा प्लॅन फोल्डर दाखव."

"बाकीच्या हरवलेल्या फाइलींनाही हाच पत्ता लावू का, विचारतंय."

"लाव."

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, मग एकदम "आला!" सगळ्या ओळी निवडून वाटा सापेक्ष करायला लावल्या आणि सेव्ह करवलं. खात्रीसाठी तिनं अख्खा फोल्डर दुकानातल्या संगणकाच्या डेस्कटॉपवर उतरवून शीट तिथून उघडली. तळमजला जागेवर होता, जिन्यासकट.