पाणी उकळून मायक्रोप्लास्टिक जातं का? पाणी कुठलं त्यावर आहे

"पाणी पाच मिनिटं उकळा, ९० टक्के मायक्रोप्लास्टिक गायब" हा मेसेज परत फिरायला लागलाय (मायक्रोप्लास्टिक म्हणजे प्लास्टिकचे अगदी बारीक कण). तो सपशेल खोटा नाहीये. मूळ संशोधन चीनमधल्या ग्वांगझोऊचं, २०२४ साली आलेलं, आणि ते खरंच भारी आहे, फक्त त्यातली दुष्फेन, म्हणजे जास्त क्षार असलेल्या पाण्याची अट फॉरवर्ड होता होता गळून पडलीये.

उकळल्याने प्लास्टिक नष्ट होत नाही. सगळं काम करतो तो पातेल्याच्या बुडाशी धरणारा पांढरा क्षार. बोअरच्या पाण्यात बऱ्याचदा कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं, पाणी तापलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड उडून जातो, उरतं कॅल्शियम कार्बोनेट, आणि हे पाण्यात जेमतेमच विरघळतं, त्यात साखरेच्या उलट पाणी जितकं गरम तितकं कमी. मग त्याचे स्फटिक धरायला लागतात, पण नुसत्या पाण्यात स्फटिकाची सुरुवात होणं अवघड असतं, त्याला कशाचा तरी पृष्ठभाग लागतो. खडीसाखर कशी दोऱ्याभोवती धरते, तसं इथे प्लास्टिकच्या कणाभोवती कार्बोनेट धरतं. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं, कार्बोनेट पाण्याच्या २.७ पट जड, त्यामुळे असा लेप चढलेला कण खाली बसतो आणि साध्या फिल्टर पेपरलाही अडकतो.

आता आकडे बघा. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम कार्बोनेट असेल तर ९० टक्के कण निघाले, १८० ला ८४, पण ८० ला फक्त ३४. मुंबईला तानसा-भातसाचं पाणी येतं ते सुफेन, म्हणजे कमी क्षाराचं, तिथे हा उपाय फार चालणार नाही, मराठवाड्यातल्या बोअरला जास्त चालेल. आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं) बघून ठरवू नका, कारण सल्फेट-क्लोराइडमुळे आलेला दुष्फेनपणा उकळून जात नाही, तो मीटरवर दिसतो पण थर धरत नाही.

तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातलं प्लास्टिक नाहीसं होतं असंही लोक छातीठोकपणे सांगतात. तांब्याने काही जंतू मरतात हे खरं, पण प्लास्टिक काही जिवंत नाही, त्यामुळे प्लीज हे पसरवू नका.

मला खरी काळजी त्या थराची वाटते. किटली साफ करायला आपण व्हिनेगर किंवा लिंबू टाकतो, ॲसिडने कार्बोनेट विरघळतं, आतले कण मोकळे होतात आणि सिंकमधून गटारात. तिथून सांडपाणी प्रकल्पात गेले तर बहुतेक कण गाळात बसतात, आणि तो गाळ बऱ्याच ठिकाणी खत म्हणून शेतात टाकतात, म्हणजे पाण्यातून काढलेलं प्लास्टिक आपण मातीत घातलं. त्यापेक्षा थर खरवडून, गाळलेल्या कागदासकट सुक्या कचऱ्यात टाका. प्रकल्पाचा गाळ वाळवून सिमेंटच्या भट्टीत घालता येतो, तिथे १४५० अंशांच्या आसपास तापमान असतं, प्लास्टिक शिल्लक राहत नाही, पण मग त्यातलं नायट्रोजनही शेताला मिळत नाही, आणि गाळ वाळवायला इंधन लागतं ते वेगळंच.