चुकीच्या जागी बसवलेलं इंजिन

पोर्शेची नवी ९११ आली की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. 'यात नवीन काय, मागच्यासारखीच तर दिसते' ही एक. 'बिघडवली हो, जुनी ती जुनीच' ही दुसरी. दोन्ही एकाच गाडीबद्दल, बहुधा एकाच दिवशी. नावाजलेल्या स्पोर्ट्स कारची दर पिढीला नव्याने आखणी करावी की नाही, हा वाद मग दिव्यांच्या आकारावर आणि छताच्या उतारावर घुटमळत राहतो. मला विचाराल तर दिव्यांकडे बघून काही कळायचं नाही. मागच्या चाकांच्याही मागे लटकलेल्या इंजिनाकडे बघायला हवं.

सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा दिसली तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आमचे, अशी हरकत प्यूजोने घेतली आणि ९०१ ची ९११ झाली. रेखाटन फेर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांचं. इंजिन दोन लिटरचं, सहा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, १३० अश्वशक्तीचं. त्याचे सिलिंडर उभे नव्हते, डावी-उजवीकडे तीन-तीन असे आडवे झोपवलेले होते. त्यामुळे इंजिन बसकं, आणि म्हणून त्याच्यावरून छत एका सलग उतारात थेट मागच्या बंपरपर्यंत आणता आलं. ज्या पाठीवर लोक भाळतात ती अशी इंजिनाच्या ठेवणीतून आलेली आहे.

इंजिन मागे ठेवण्याची सवय घरातलीच होती. आधीच्या ३५६ मध्ये ते तिथेच होतं, त्याआधी पोर्शे घराण्यानेच आखलेल्या फोक्सवॅगनच्या बीटलमध्येही. फायदे खरे होते. इंजिनापासून चाकांपर्यंत लांब दांडा न्यावा लागत नाही, पुढच्या आसनांमागे दोन लहान आसनं मावतात, आणि वजन ज्या चाकांना ताकद मिळते त्यांच्यावरच पडतं. गाडी वेग घेते तेव्हा भार आणखी मागे सरकतो, टायर रस्त्याला घट्ट धरतात. करकचून ब्रेक लावला की तोच भार पुढे येतो आणि चारही चाकं कामाला लागतात. पुढे इंजिन असलेल्या गाडीत ब्रेक लावताना मागची चाकं जवळजवळ पाहुण्यासारखी असतात.

गडबड वळणावर होते. ९११ चं साधारण साठ टक्के वजन मागच्या चाकांवर असतं. टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुपटीपेक्षा थोडी कमीच वाढते. म्हणजे पुढचे आणि मागचे टायर सारखेच असतील तर मागच्यांना काम जास्त आणि त्या मानाने पकड कमी. आता वळणात चालक घाबरला आणि त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की भार पुढे सरकतो, मागचे टायर हलके होतात आणि शेपूट बाहेर जायला लागते. सायकलच्या कॅरिअरवर धान्याचं पोतं टाकून उतारावर वळण घेतलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायला नको. वस्तुमान गाडीच्या मध्यापासून जितकं लांब, तितकं ते फिरायला सुरुवात करायला वेळ घेतं आणि एकदा फिरू लागलं की आवरायलाही तितकंच अवघड जातं.

पहिला इलाज अगदी देशी जुगाडासारखा होता. साठच्या दशकात काही वर्षं पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत चक्क वजनं बसवली होती, प्रत्येकी सुमारे ११ किलोंची. हलकी गाडी बनवायची म्हणून झटायचं आणि मग तिला वजनं बांधायची! १९६८ मध्ये खरा उपाय झाला. इंजिन आणि गिअरबॉक्स होते तिथेच ठेवून मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे नेली. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २२११ वरून २२६८ मिलिमीटर झालं. गाडी बाहेरून तशीच, फक्त चाकांवरच्या कमानी किंचित सरकलेल्या. पहिल्या दशकातला सर्वांत मोलाचा बदल हाच असं मी म्हणेन, आणि रस्त्यावरच्या कुणाला तो दिसलाही नसेल.

हवेनेही छळलं. पाठीच्या त्या सुरेख उतारावरून वाहताना हवेचा वेग वाढतो, दाब घटतो, आणि विमानाच्या पंखासारखी वरच्या दिशेने उचल तयार होते. तीही नेमकी मागच्या बाजूला, जिथे पकड आधीच नाजूक. १९७२ च्या शेवटी आलेल्या कॅरेरा आरएस २.७ या ९११ ला म्हणून बदकाच्या शेपटीसारखा वर वळलेला काठ दिला गेला. हवा पाठीवरून निसटते कुठे हे त्याने बदललं, उचल कमी झाली. याच गाडीत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंदही केले. वर सांगितलेल्या पकडीच्या गणिताला ते सरळ उत्तर होतं. १९८९ च्या ९११ पिढीत (कंपनीतला तिचा क्रमांक ९६४) हा काठ पाठीत लपवला, आणि ताशी ८० किलोमीटरला तो आपोआप वर येऊ लागला. उभ्या गाडीची आकृती जुनी, धावत्या गाडीची वेगळी. या पिढीत ८५ टक्के भाग नवे असल्याचं कंपनीने सांगितलं होतं. बघणाऱ्याला मात्र फक्त नवे बंपर दिसले.

मधल्या काळात कंपनीला स्वतःलाच ही गाडी नकोशी झाली होती. पुढे पाण्याने थंड होणारं आठ सिलिंडरचं इंजिन असलेली ९२८ ही तिची वारस ठरवली होती. ९२८ ला १९७८ ची युरोपातली सर्वोत्तम कार असा मानही मिळाला, पण ९११ चे गिऱ्हाईक काही तिकडे वळले नाहीत. १९८१ मध्ये पीटर शुट्झ प्रमुख झाले. अभियंता हेल्मुट बोट यांच्या खोलीतल्या तक्त्यावर बाकी गाड्यांच्या रेघा पुढे जात होत्या, ९११ ची त्याच वर्षी थांबत होती. शुट्झ यांनी मार्कर घेतला आणि ती रेघ तक्त्याबाहेर भिंतीवर ओढत नेली, असं ते स्वतः सांगत.

मग आली ९११ ची १९९७ ची पिढी, ९९६. आजही पोर्शेवाल्यांच्या गप्पांत हा आकडा काढला की आवाज चढतात. चौतीस वर्षं हवेने थंड होणारं इंजिन तिच्यात पाण्यावर गेलं. कारण भौतिकीचं आहे. सारख्याच घनफळाचं पाणी आणि हवा घेतली, तर एक अंश तापताना पाणी हवेच्या साधारण साडेतीन हजारपट उष्णता सामावून घेतं. जास्त ताकद आणि स्वच्छ धूर हवा असेल तर प्रत्येक सिलिंडरला दोनऐवजी चार व्हॉल्व्ह हवेत. पण चार व्हॉल्व्हच्या दाटीत, विशेषतः धूर बाहेर टाकणाऱ्या दोन व्हॉल्व्हच्या मधला धातूचा चिंचोळा पट्टा भयंकर तापतो, आणि तिथवर पंख्याची हवा पुरेशी पोचत नाही. पाणी पोचवता येतं. कंपनीला हे आधीपासून ठाऊक होतं. १९८६ च्या ९५९ या वेगळ्या मॉडेलमध्ये सिलिंडर हवेवर आणि त्यांची वरची टोपणं पाण्यावर, अशी तडजोड करून झाली होती. शिवाय पाण्याचं आवरण आवाजही दाबतं, आणि आवाजाचे व धुराचे कायदे दरवर्षी कडक होत होते. हवेचं इंजिन ठेवण्याचा हट्ट धरला असता तर ९११ तेव्हाच संग्रहालयात गेली असती.

लोक चिडले ते मात्र दिव्यांवर. गोल दिव्यांच्या जागी तळलेल्या अंड्यासारखा पसरट दिवा आला होता. तो भौतिकीने मागितला नव्हता, हिशेबाने मागितला होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी डबघाईला आली होती. खर्च वाचवायला ९९६ आणि कंपनीचीच स्वस्त बॉक्स्टर यांचा पुढचा भाग जवळपास एकच ठेवला, आणि सगळे दिवे एका अखंड जुडग्यात बसवले म्हणजे कारखान्यात झटपट लागतील. २००४ च्या ९९७ मध्ये गोल दिवे परत आले. पाणी परत गेलं नाही. यातून माझ्यापुरता निवाडा झाला आहे. उष्णता, पकड, हवा आणि कायदा मागतील तो बदल कितीही मोठा असला तरी पचतो, हिशेबाने चेहऱ्यावर केलेला बदल लोक लक्षात ठेवतात.

मग इंजिनच हलवायचं का नाही? शेव्हरोलेने कॉर्व्हेटमध्ये ते केलं. १९५३ पासून पुढे असलेलं इंजिन २०१९ मध्ये सादर झालेल्या आठव्या पिढीत आसनांच्या मागे, मधोमध आलं. कारण पकडीचंच, मागच्या चाकांवर भार कमी पडत होता आणि वाढत्या ताकदीला पकड पुरत नव्हती. पोर्शेनेही हे केलं आहे, फक्त शर्यतीपुरतं. २०१७ च्या हंगामासाठी बनवलेल्या ९११ आरएसआरमध्ये इंजिन मागच्या आसाच्या पुढे सरकवलं, म्हणजे गाडीच्या पोटाखालून हवा मोकळी बाहेर काढायला मागे जागा झाली. पुढच्याच वर्षी तिने ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपला गट जिंकला. याहून प्रांजळ कबुली कोणती हवी? रस्त्यावरच्या गाडीत तेवढं धाडस नाही. तिथे इंच-इंच सरकणं चालू आहे. २०११ च्या ९९१ मध्ये चाकांमधलं अंतर १०० मिलिमीटरने वाढवून मागचा आस इंजिनाच्या आणखी जवळ नेला. लहान आसनांचा मोह सुटत नाही, आणि ती पाठ गेली तर ९११ म्हणून विकायचं काय, हाही प्रश्न आहेच.

या सरकण्यात गाडी मात्र फुगली. १९६३ ची ४१६३ मिलिमीटर लांब, १६१० रुंद आणि वजनाला जेमतेम १०८० किलो होती. सध्याची ९९२ पिढी आली तेव्हा सुमारे ४५१९ लांब, १८५२ रुंद, वजन दीड हजार किलोंच्या घरात. उंची जवळजवळ तेवढीच, म्हणून फोटोत फुगवटा कळत नाही. अपघातात माणूस वाचवणारी चौकट, एअरबॅग, रुंद टायर, ते थांबवायला मोठे ब्रेक, असं वजन वजनाला बोलावत जातं. माझी या गाडीबद्दलची खरी तक्रार ही आहे.

२०२४ मध्ये आलेल्या संकरित (पेट्रोलला विजेची जोड असलेल्या) ९११ जीटीएसमध्ये या तक्रारीकडे थोडं लक्ष दिलेलं दिसतं. बॅटरी फक्त १.९ किलोवॉट-तासांची ठेवली आहे, नुसत्या विजेवर फिरण्यासाठी ती नाहीच. टर्बोच्या (धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) आसावरच एक मोटर बसवली आहे, म्हणजे धुराचा जोर येईपर्यंत थांबावं लागत नाही. १९७५ च्या टर्बोमध्ये तो जोर उशिरा, ऐन वळणात यायचा आणि चालक रस्त्याबाहेर जायचे. दुसरी मोटर गिअरबॉक्सच्या आत आहे. एसीसारखी उपकरणं फिरवणारा जुना पट्टा काढून टाकल्याने इंजिनाची उंची ११० मिलिमीटरने कमी झाली, आणि तेवढ्या जागेत विजेची उपकरणं मावली. पाठीचा उतार तसाच राहिला. एवढं करून वजन सुमारे ५० किलोंनी वाढलंच. ही बॅटरी मात्र त्यांनी गाडीच्या पुढच्या भागात ठेवली आहे.